कंपनीवर कुणी ताबा सांगायला आलं, तर भागधारकाने काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

ओपन ऑफरचं, म्हणजे कंपनीचा ताबा घेऊ पाहणाऱ्याने बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घेण्याच्या प्रस्तावाचं, जाडजूड पत्र घरी आलं की लोक एकतर ते रद्दीत टाकतात, नाहीतर त्याच संध्याकाळी ब्रोकरला फोन लावून सगळे शेअर देऊन मोकळे होतात. दोन्हीत पैसे जातात. बहुतेकांचा निर्णय चुकत नाही, क्रम चुकतो: जे शेवटी करायचं ते आधी होतं, आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आठवतं तेव्हा खिडकी, म्हणजे शेअर देण्याची मुदत, बंद झालेली असते. पन्नास, दोनशे, हजार शेअर असलेल्या साध्या भागधारकासाठी हा लेख आहे. नियम आहेत सेबीच्या २०११च्या टेकओव्हर नियमावलीतले आणि २०१३च्या कंपनी कायद्यातले.

टप्पा १. बातमी आली त्या दिवशी: कागद आवरा

बातमी आली की भावाकडे बघण्याआधी स्वतःच्या नोंदीकडे बघा. पॅन, बँक खातं, मोबाइल आणि ईमेल डीमॅट खात्यात बरोबर आहेत का? ईमेल सगळ्यात महत्त्वाचा, कारण टपाली मतदानाच्या (सभा न घेता ठरावावर मत मागवण्याच्या) सूचना आता ईमेलवरच येतात. दहा वर्षांपूर्वी ऑफिसचा पत्ता दिला असेल आणि नोकरी सुटली असेल, तर तुमचं मत तिथेच अडकलं.

मुंबईत आणखी एक घोळ नेहमी दिसतो. शेअर वडिलांच्या नावावर, पत्ता गिरगावातल्या चाळीचा, चाळ पुनर्विकासाला गेलेली. पत्र परत जातं, लाभांश पडून राहतो. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातात. तिथे गेलेल्या शेअरचा मतदानाचा हक्क गोठतो आणि ते ऑफरमध्येही देता येत नाहीत. सोडवून आणायला आयईपीएफ-५ हा फॉर्म भरावा लागतो, आणि ते काम ऑफरच्या मुदतीत होईल या भरवशावर राहू नका.

खातेदार वारले असतील, तर वारसाच्या नावावर शेअर करून घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. ऑफर उघडल्यावर अर्ज घेऊन धावलात, तर रजिस्ट्रारच्या, म्हणजे कंपनीच्या भागधारकांची नोंद सांभाळणाऱ्या संस्थेच्या, काउंटरवरचा माणूस हळहळेल, पण तारीख पुढे ढकलणं त्याच्या हातात नसतं.

*तपासा:* शेअर तारण आहेत का? मार्जिनसाठी तारण ठेवलेल्या शेअरवर मत देता येतं, पण तारण सोडवल्याशिवाय ते टेंडर करता, म्हणजे ऑफरमध्ये देता, येत नाहीत.

टप्पा २. हे नेमकं काय आहे ते ओळखा

बायबॅक, डीलिस्टिंग (कंपनीचे शेअर बाजाराच्या यादीतून काढून घेणं) आणि ओपन ऑफर या तिन्हींना लोक सर्रास 'ऑफर आलीय' म्हणतात, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावून बसतात. बायबॅकमध्ये शेअर घेणारी कंपनी स्वतःच असते, त्यात रेकॉर्ड डेट असते (त्या दिवशी शेअर नावावर असतील तरच भाग घेता येतो) आणि छोट्या भागधारकांसाठी १५ टक्के राखीव असतात. ओपन ऑफरमध्ये शेअर घेणारा बाहेरचा, नाहीतर वाढू पाहणारा प्रवर्तक असतो. छोट्यांसाठी राखीव वाटा तिथे नाही. दोन लाखांच्या आतला भागधारक म्हणून आपले सगळे शेअर घेतले जातील, असं धरून चालू नका.

ओपन ऑफर येते कधी? कुणाचा मतदानाचा वाटा २५ टक्क्यांवर पोचला किंवा कुणी कंपनीचं नियंत्रण हाती घेतलं, की त्याला उरलेल्यांपुढे किमान २६ टक्के शेअरची ऑफर ठेवावी लागते. ज्याच्याकडे आधीच २५ टक्के किंवा जास्त आहेत, त्याला एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत ऑफर न देता वाढवता येतं. मार्चअखेर प्रवर्तक बाजारातून शेअर उचलताना दिसतात, तेव्हा कारण कधी कधी एवढंच असतं.

ओपन ऑफरमध्ये 'ओळख दिनांक' असतो तो फक्त पत्र कुणाला पाठवायचं ते ठरवण्यासाठी. त्या दिवशी तुमच्याकडे शेअर नसले, नंतर घेतले, पत्र मिळालंच नाही, तरीही खिडकी उघडी असेपर्यंत तुम्ही शेअर देऊ शकता. 'मला पत्र आलं नाही म्हणजे मी बाद' या समजुतीपायी किती जण घरी बसले असतील, याची मोजदाद नाही.

टप्पा ३. तारखांचा एक कागद करा

एका कागदावर पुढचं लिहून फ्रिजवर लावा. सगळे दिवस कामकाजाचे धरा.

१. जाहीर घोषणा. इथून ऑफरचा काळ सुरू.
२. ५ दिवसांत सविस्तर निवेदन. हे वर्तमानपत्रात येतं, आणि शेअर बाजार मुंबईत असल्याने मराठी दैनिकातही छापावं लागतं. 'नवशक्ति'सारख्या अंकात पानभर बारीक अक्षरांची जी चौकट आपण उलटून पुढे जातो, ती बऱ्याचदा हीच असते.
३. त्यानंतर ५ दिवसांत ऑफर-पत्राचा मसुदा सेबीकडे. मसुदा सेबीच्या संकेतस्थळावर वाचता येतो.
४. निवेदनापासून १५ दिवसांत दुसरा कुणी प्रतिस्पर्धी ऑफर आणू शकतो.
५. मसुद्यावर सेबीचे अभिप्राय आले की ७ दिवसांत अंतिम पत्र रवाना, आणि १२ दिवसांच्या आत खिडकी उघडते.
६. खिडकी १० दिवस उघडी.
७. बंद झाल्यावर १० दिवसांत पैसे.

कागदावर हे अडीच-तीन महिन्यांचं काम. प्रत्यक्षात सेबीने खुलासे मागितले किंवा दुसऱ्या नियामकाची परवानगी लागली की लांबतं. एनडीटीव्हीसाठी अदानी समूहाची घोषणा २३ ऑगस्ट २०२२ची. ऑफर ऑक्टोबरच्या मध्यात उघडायची होती, उघडली २२ नोव्हेंबरला. म्हणून तारखा पेन्सिलीने लिहा.

भाव कसा ठरला यावर आक्षेप असेल, तर तो तिसऱ्या पायरीवर सेबीला लिहा. अंतिम पत्र छापून आल्यावर तक्रार करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

टप्पा ४. भावाचं गणित

किमान भाव काढायचे निकष नियमात आहेत: करारात ठरलेला भाव, घेणाऱ्याने गेल्या ५२ आठवड्यांत दिलेला सरासरी भाव, २६ आठवड्यांत दिलेला सर्वांत जास्त भाव, आणि शेअरची नियमित उलाढाल असेल तर ६० व्यवहार-दिवसांची बाजारातली सरासरी. यातला जो जास्त, त्याच्या खाली जाता येत नाही. पत्रात हे कोष्टक शोधून चारही आकडे वाचा.

मग खरा प्रश्न: माझे किती घेतले जातील? समजा पब्लिककडे, म्हणजे प्रवर्तक सोडून बाकीच्यांकडे, ५० टक्के शेअर आहेत आणि ऑफर २६ टक्क्यांची आहे. सगळ्यांनी दिले, तर शंभरातले ५२ घेतले जाणार. तुमचे २०० असतील तर १०४ गेले, ९६ परत आले. ऑफरचा भाव ५०० आणि ऑफर संपल्यावर बाजारभाव ४२० वर आला, तर हिशेब असा: १०४ चे ५२,००० आणि ९६ चे ४०,३२०, मिळून ९२,३२०. शेअरमागे ४६१ रुपये ६० पैसे. आज बाजारात ४७० मिळत असतील, तर ५०० च्या ऑफरपेक्षा सरळ विकलेलं बरं. वरवर हे उलटं वाटतं, म्हणून कागदावर मांडूनच बघा.

अर्थात सगळे कधीच देत नाहीत. बाजारभाव ऑफरच्या वर असेल तर फारच थोडे देतात आणि दिलेले सगळे घेतले जातात, पण मग बाजारात जास्त मिळत असताना ऑफरमध्ये द्यायचेच कशाला, हा प्रश्न उरतो. मी तीन अंदाज मांडतो: सगळ्यांनी दिले, निम्म्यांनी दिले, जेमतेम २६ टक्केच आले. तिन्हींत ऑफर बरी ठरली तरच देतो.

*सावधान:* स्वतंत्र संचालकांच्या समितीचं मत खिडकी उघडण्याच्या किमान दोन दिवस आधी छापून येतं. 'भाव वाजवी' हे शब्द जवळपास प्रत्येक मतात असतात. त्यांच्यावर थांबू नका, कारणं काय दिलीत ते वाचा. एखाद्या सदस्याचं मत वेगळं असेल तर ते आधी वाचा.

टप्पा ५. बचावाचे ठराव, आणि तुमचं मत

सगळ्यात मोठी चूक लोक इथे करतात, कारण हा टप्पा आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. शेअर द्यायचे की नाही एवढाच आपला हक्क, असं धरून बसतात. कंपनीचं सध्याचं व्यवस्थापन ताबा वाचवायला जे काही करू पाहतं, त्यातलं बरंचसं तुमच्या मताशिवाय होत नाही.

ऑफरचा काळ सुरू झाला की संचालक मंडळाचे हात बांधले जातात. मोठी मालमत्ता विकणं, मोठं कर्ज काढणं, नवे शेअर किंवा वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क) काढणं, बायबॅक करणं, नेहमीच्या धंद्याबाहेरचे मोठे करार करणं, यांतलं काहीही करायचं तर टपाली मतदानाने विशेष ठराव हवा. अमेरिकन सिनेमातली 'विषाची गोळी', म्हणजे हल्लेखोर सोडून बाकी सगळ्यांना स्वस्तात शेअर वाटणं, इथे त्यामुळेच चालत नाही. शिवाय निवडक लोकांना शेअर द्यायचे तरी भावाला सेबीने घालून दिलेली खालची मर्यादा आहे.

मार्च २०१९मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्रीचे सुमारे २०.३ टक्के शेअर ९८० रुपयांनी घेतले आणि ३१ टक्क्यांची ओपन ऑफर आणली. माइंडट्रीच्या मंडळाने बायबॅकचा विचार केला, आणि २६ मार्चला तो सोडून दिला. घोषणा झाल्यावर असा डाव टाकायचा, तर भागधारकांपुढे जावंच लागतं.

म्हणून हुशार व्यवस्थापन बचाव आधीच उभा करतं. घोषणेपूर्वीच्या वर्ष-दोन वर्षांतल्या सूचना चाळा. मित्राला वॉरंट देण्याचा ठराव असतो. वॉरंटचे २५ टक्के पैसे आधी, बाकीचे १८ महिन्यांत, म्हणजे थोड्या पैशांत भविष्यातली मतं राखून ठेवता येतात. ब्रँड कंपनीच्या मालकीचा नसून प्रवर्तकाच्या घरच्या संस्थेचा असतो, आणि नियंत्रण बदललं की वापराचा परवाना संपतो. कर्जाच्या करारात तसंच कलम असतं. यातलं प्रत्येक बेकायदा नाही. पण ठराव आला तेव्हा तुम्ही गप्प होतात, हेही खरं.

आता मतांचं गणित. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, आणि मोजली जातात ती फक्त *पडलेली* मतं. प्रवर्तकांकडे ३५ टक्के आहेत असं धरा. पब्लिकमधून विरोधात एकूण मतांपैकी फक्त १० टक्के पडले, बाकीचे गप्प राहिले, तर ३५ भागिले ४५, जवळपास ७८ टक्के, ठराव पास. विरोधात १२ पडले, तर ३५ भागिले ४७, साडेचौऱ्याहत्तर, ठराव पडला. म्हणजे ६५ टक्के पब्लिकमधल्या जेमतेम १२ टक्क्यांच्या हातात ब्रेक आहे. 'आमच्या दोनशे शेअरने काय होतंय' म्हणणाऱ्यांनी हे दोन भागाकार स्वतः करून बघावेत.

उलट बाजूही ध्यानात घ्या. येणारा माणूस बरा असतोच असं नाही. भाव कमी असेल, तर बचावाचा एखादा ठराव तुमच्या फायद्याचाही असू शकतो, कारण त्याने चांगल्या भावाची दुसरी ऑफर यायला वेळ मिळतो. मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, पण द्या.

मत देण्याचा क्रम असा:

१. सूचनेत 'कट-ऑफ' तारीख बघा. त्या दिवशी शेअर तुमच्या खात्यात असतील तरच मत. नंतर घेतलेल्या शेअरवर ऑफरमध्ये भाग घेता येतो, त्या ठरावावर मत देता येत नाही.
२. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींच्या (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थांच्या) संकेतस्थळावर डीमॅटच्या लॉगिनने जा. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका.
३. टपाली मतदान ३० दिवस चालतं. सर्वसाधारण सभेचं ई-मतदान किमान तीन दिवस, आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद.
४. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. स्पष्टीकरणाचं टिपण आधी वाचा, मग बटण दाबा.
५. सभेत बोलायचं असेल तर 'वक्ता' म्हणून आधी नाव नोंदवा. ऑनलाइन सभेत हात वर करून भागत नाही. पूर्वी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागारात उठून माइक मागता यायचा, वर बटाटेवडाही मिळायचा. ते दिवस बहुतेक कंपन्यांपुरते सरले.

*तपासा:* नव्या संचालकाची नेमणूक पुढच्या सभेत किंवा तीन महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा, भागधारकांपुढे आणावी लागते. ताब्याच्या लढाईत मंडळावर अचानक आलेली नावं इथे अडवता येतात, आणि त्यासाठी साधं बहुमत पुरतं.

टप्पा ६. सभा बोलावणं: कुणाला जमतं

१० टक्के मतदान-भांडवल असलेले भागधारक विशेष सभेची मागणी करू शकतात. मंडळाने २१ दिवसांत हालचाल करून मागणीपासून ४५ दिवसांच्या आतली तारीख धरायची. नाही धरली, तर मागणारे स्वतः तीन महिन्यांत सभा घेऊ शकतात. कागदावर सोपं आहे. इन्व्हेस्को या गुंतवणूक कंपनीने जवळपास १८ टक्के हातात असताना सप्टेंबर २०२१मध्ये झी एंटरटेनमेंटकडे अशी मागणी केली. मंडळाने नकार दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि खंडपीठाने इन्व्हेस्कोच्या बाजूने निकाल दिला मार्च २०२२मध्ये. सहा महिने.

छोट्यांना झेपतील असे दोन रस्ते आहेत. भागधारकांची नोंदवही कामकाजाच्या वेळेत विनाशुल्क बघता येते. आणि २०,००० रुपयांपर्यंत दर्शनी मूल्याचे शेअर असलेले किमान १,००० भागधारक, किंवा अशा भागधारकांपैकी एक दशांश, जे कमी ते, आपला एक संचालक निवडून देण्याची मागणी करू शकतात.

*सावधान:* व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून 'चला, सगळे मिळून शेअर घेऊ आणि कंपनी ताब्यात घेऊ' असं ठरवू नका. संगनमताने घेतलेले शेअर एकत्र मोजले जातात, आणि ओपन ऑफरचं ओझं तुमच्याच डोक्यावर येऊ शकतं. मतदानाची तारीख एकमेकांना आठवून देणं वेगळं, मिळून खरेदी करणं वेगळं.

टप्पा ७. शेअर द्यायचे ठरलं तर

दिलेले शेअर परत घेता येत नाहीत. हे वाक्य पत्रात असतं, बारीक अक्षरात. दुसरीकडे, घेणारा आपला भाव खिडकी उघडण्याच्या एक दिवस आधीपर्यंत वाढवू शकतो. म्हणून खिडकी उघडण्याआधी हालचाल करून मिळत काही नाही, आणि उघडल्यावर पहिल्याच दिवशी देऊन जास्तीचं काही पदरात पडत नाही. प्रमाण सगळ्यांना एकच लागतं, आधी येणाऱ्याला आधी असं इथे नाही. मी सातव्या-आठव्या दिवशी देतो. तोवर बाजारभाव कुठे स्थिरावतोय ते कळतं. दहाव्या दिवसाची दुपार मात्र टाळा, कारण ब्रोकर आपली वेळ बाजाराच्या आधी बंद करतात.

१. ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये ओपन ऑफरचा विभाग शोधा, नसेल तर फोन करा. नेहमीच्या 'सेल' बटणाने विकलेत तर ती बाजारातली विक्री झाली, ऑफरमधली नव्हे.
२. संख्या टाका. डीमॅटमध्ये एक शेअरसुद्धा चालतो.
३. डिपॉझिटरीच्या ओटीपीने मंजुरी द्या. शेअर खात्यातच राहतात, त्यावर फक्त अडकवणूक लागते.
४. नोंदणीची पावती मागून घ्या. पावती नाही म्हणजे बोली लागली नाही, असं समजा.

कागदी शेअरही ओपन ऑफरमध्ये देता येतात. मूळ सर्टिफिकेट, शेअर हस्तांतराचा एसएच-४ फॉर्म आणि स्वतः सही केलेली पॅनची प्रत ब्रोकरमार्फत रजिस्ट्रारकडे ऑफर बंद व्हायच्या आत *पोचली* पाहिजे. टपालात टाकल्याची तारीख धरत नाहीत. संयुक्त खातेदारांच्या सह्या सर्टिफिकेटवरच्या क्रमानेच हव्यात. आईची सही पहिली हवी तिथे मुलाची पहिली, एवढ्यावरून फॉर्म परत आलेले मी पाहिलेत.

टप्पा ८. पैसे, कर, आणि पुढचे २६ आठवडे

बाजाराच्या खिडकीतून दिलेल्या शेअरवर व्यवहार कर (एसटीटी) लागतो, त्यामुळे भांडवली नफ्याचे बाजारातल्या विक्रीचेच दर लागू होतात: २३ जुलै २०२४पासून वर्षाच्या आतल्या शेअरवर २० टक्के, त्याहून जुन्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा.

दहा दिवसांत पैसे किंवा न घेतलेले शेअर मोकळे झाले नाहीत, तर आधी पत्रात नाव असलेल्या ऑफर-व्यवस्थापकाला लिहा. मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करा. कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. थेट वांद्रे-कुर्ला संकुलात सेबीच्या दारात जाऊन उभं राहण्याने वेळच जातो, तिथूनही स्कोअर्सच दाखवतात.

आणि बँक खातं लगेच बंद करू नका. खिडकी बंद झाल्यावर २६ आठवड्यांच्या आत घेणाऱ्याने कुणाकडून वाटाघाटीने किंवा ब्लॉक डीलमध्ये (बाजारातल्या एकगठ्ठा सौद्यात) जास्त भावाने शेअर घेतले, तर ऑफरमध्ये घेतलेल्या प्रत्येक शेअरमागे फरक द्यावा लागतो. एनडीटीव्हीच्या ऑफरमध्ये २९४ रुपयांना ज्यांनी शेअर दिले, त्यांनी कपाळाला हात लावला होता, कारण बाजारात भाव वर होता. डिसेंबर २०२२अखेर संस्थापकांचे शेअर ३४२ रुपये ६५ पैशांनी घेतले गेले, आणि ऑफरमध्ये शेअर दिलेल्यांना वर ४८ रुपये ६५ पैसे मिळाले.